काजवालीच्या रक्तातला ताण

कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाला काज करायचं मशीन तिच्याकडे होतं, आणि तोंडही तसंच होतं: एक खटका, की समोरच्याला आरपार भोक. पोट पुढे आलं तशी खुर्ची मागे सरकली. सुपरवायझर म्हणाला, "एका खुर्चीवर दोघं बसता, बाई." ही म्हणाली, "मग आतल्याला शिकाऊ म्हणून घ्या की. तुमच्या आधी शिकेल." सगळी ओळ हसली. तो हसला नाही. त्याने तिचा पंखा दुसरीकडे फिरवला.

मी या बायकांच्या युनियनचं काम करते. शाळा लवकर सुटली, बाकीचं दवाखान्यांच्या रांगांत आणि भांडणांत शिकले. म्हणून डॉक्टरांचं बोलणं मी कान टवकारून ऐकते. काजवालीच्या तपासणीच्या दिवशी मात्र तिच्यासोबत मी नव्हते, सासू होती.

काजवालीची बोटं सुजली होती, अंगठी निघत नव्हती. रक्तदाब चढलेला. लघवीत प्रथिनं सापडली. डॉक्टरांनी रक्ताच्या जादा तपासण्याही करून घेतल्या, आणि रिपोर्ट आल्यावर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "रक्तात सूज दिसतेय. पेशींवर ताण आहे, वारेवरही ताण आलाय. दाखल झालात तर बरं." पुढची बाई आत आलीसुद्धा.

झालं. सासूने दोन शब्द उचलले आणि घरी आली. ताण आणि सूज.

"सूज काय, पाय सगळ्यांचेच सुजतात," ती मुलाला म्हणाली. "आणि ताण? हिला कसला रे ताण? भांडी मी घासते, बाजार तू आणतोस. ही नुसती विचार करत बसते."

नवरा शाळेची बस चालवतो. माणूस वाईट नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्याने बायकोचा ताण घालवायचं मनावर घेतलं. तिचा मोबाइल कपाटात गेला. बातम्या बंद. मैत्रिणी बंद, कारण त्या कारखान्यातल्या कटकटी सांगतात. दवाखाना तर बंदच, तिथली आजारी माणसं बघून भलभलतं मनात येतं म्हणे. खिडकीजवळ पलंग सरकवला, पायाखाली उशी ठेवली. प्रेमाने कोंडलं तिला.

डोकं फुटायला आलं, तर सासू म्हणाली, "विचार कमी कर." बरगडीखाली कळ यायला लागली, तेव्हा ते पित्त ठरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, तर सासूला हसू आवरेना. "काजवालीला काजवेच दिसणार!"

हे ती मला दारातच सांगत होती, चौकटीला धरून. चेहरा इतका सुजलेला, की डोळे शोधावे लागत होते. मी म्हटलं, "चल, आत्ता. रिक्षा खाली उभी आहे."

"नको ताई. मला घाबरायचं नाहीये. मी घाबरले की बाळाला त्रास होतो."

"अगं, हा मनातला ताण नव्हे! बाळाला पोसणारी वार आतल्या आत गुदमरतेय. तिच्यातून काहीबाही रक्तात उतरतं, नसा बिघडतात. तू दिवसभर हसलीस तरी तो उतरणार नाही. दाखल हो!"

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?" सासू मागून म्हणाली.

"तुम्ही झालात तेव्हाच!"

नवरा मध्ये आला. हात जोडूनच बोलला, "ताई, तुमचा आवाज चढतोय. हिला काही झालं तर जबाबदार कोण?" काजवाली त्याच्याकडे बघून मला म्हणाली, "जा ना ताई. मी प्रयत्न करतेय." कारखान्यात कुणाच्या बापाला न भिणारी बाई स्वतःच्या भीतीची लाज वाटून गप्प बसली होती. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला झटके आले. दातखीळ बसली, अंग ताठलं. सासूला वाटलं, घाबरून भोवळ आली. म्हणून आधी तोंडावर पाणी मारलं, मग कांदा फोडून नाकाशी धरला. नवरा बस घेऊन परत येईपर्यंत दुसरा झटका येऊन गेला. त्याच बसमधून तिला नेलं.

ती वाचली. मुलगी होती, पोटातच गेली.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. ते थकलेले होते, मला दया आली नाही. म्हणाले, "दाखल व्हा म्हणून सांगितलं होतं मी."

"दाखल झालात तर बरं, असं म्हणालात. बरं! जीव जाईल, असं का नाही म्हणालात?"

"लोकांना कळावं म्हणून आम्ही सोप्या भाषेत बोलतो."

तुमची सोपी भाषा गेली चुलीत. एखादं जडजंबाल, जीभ अडखळेल असं नाव फेकलं असतं, तर ते घर तासाभरात दवाखान्याच्या दारात बसलं असतं. ताण आणि सूज हे घरातले शब्द. त्यांना कोण घाबरतं? घरातल्या शब्दांवर घरातलेच उपाय झाले.

काजवालीला घरी आणलं आणि तिला दूध आलं. अंगाला कुणी कळवलंच नव्हतं. सासूने चादरीची पट्टी फाडून छाती करकचून बांधली. बांधताना ती रडत होती, आणि रडता रडता म्हणत होती, "इतका विचार करायला नको होतास गं."

घरात बसवेना म्हणून ती लवकरच कामावर आली. पांढऱ्या शर्टांची ऑर्डर होती. वाकून काज करताना पट्टी भिजली, ब्लाउज भिजला, आणि मांडीवरच्या शर्टावर ओला डाग पसरला. सुपरवायझरने शर्ट उचलून बघितला. "हे काय सांडलं?"

अख्ख्या ओळीची मशीनं थांबली.

"दूध," ती म्हणाली. "धुतलं की निघतं."

त्याने शर्ट खराब मालाच्या ढिगावर टाकला आणि ओळीकडे वळून ओरडला, "काय बघताय? चला!" मशीनं परत सुरू झाली. पहिलं तिचंच.