लाल ठिपक्याचा बोर्ड

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही काही जणांनी जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह बनवला. अवकाशासाठी खास बनवलेला संगणक आम्हाला कुठला परवडणार? राजारामपुरीतल्या दुकानात मिळतो तो साधा, तळहाताएवढा बोर्ड घ्यायचं ठरलं. तो वर टिकेल का, हे तपासायचं काम महादेवीकडे. ती कबनूरची, घरी वडिलांचे चार माग. उपग्रहाचा प्रोग्रामही तिनंच लिहिलेला. तिनं पाच बोर्ड फाउंड्रीच्या ओव्हनमध्ये तापवले, डेअरीच्या शीतगृहात गारठवले, आठवडाभर. चार पहिल्याच फेरीत गेले. जो टिकला त्यावर तिनं आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

तो बोर्ड — मी जाळला.

जोडणी माझ्याकडे होती. उपग्रह पाठवायच्या आदल्या दिवशी वायर उलटी लागली. थोडासा धूर, बस्स. सांगितलं असतं तर? पुन्हा तपासायला आठवडा गेला असता, रॉकेटमधली आमची जागा हुकली असती, आणि ती माझ्यामुळे. मी घाबरलो. दुकानातून हुबेहूब तसाच बोर्ड आणला, तिचा प्रोग्राम त्यात भरला, तिच्या ड्रॉवरमधली नेलपॉलिशची बाटली काढली आणि ठिपका दिला. तो लवकर सुकावा म्हणून फुंकरही मारली — हेही सांगून टाकतो.

उपग्रह नऊ दिवस बोलला, मग गप्प झाला. बैठकीत आमच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, बोर्ड गेला असेल का?

“बोर्ड न्हाय जायचा, सर,” महादेवी म्हणाली. “माझा ठिपका हाय की त्याच्यावर. माझ्याच प्रोग्राममधी चूक असणार.”

मी समोरच बसलो होतो. वहीत बघत राहिलो.

अहवालात चूक तिच्या नावावर लागली. बेंगळुरूची नोकरी ठरत आली होती, ती तिनं स्वतःच नको म्हणून कळवली. नंतर वर्षभर ती तो प्रोग्राम ओळ न् ओळ तपासत होती म्हणे. आता कबनूरला टायपिंगचे क्लास घेते.

नक्की बोर्डच गेला का, हे आता कुणालाच कळणार नाही. या शंकेआड मी बरीच वर्षं लपलो. पण पाचातले चार गेले होते, हे मला तेव्हाही माहीत होतं. लाज वाटते.

मी त्याच कॉलेजात शिकवतो. मुलं तपासलेल्या बोर्डावर लाल ठिपका देतात आणि नव्या मुलांना सांगतात, ही आमच्या सरांची पद्धत.

मी ऐकतो, आणि पुढच्या टेबलाकडे जातो.