उन्हाळ्याचे आकडे

अमेरिकेत आपापसात लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला, की भल्याभल्यांनी शहाणपण खुंटीला टांगलं. व्यापाऱ्यांना आगगाडीची घाई, साहेबाला व्यापाऱ्यांची घाई. या सगळ्या धावपळीत आकोल्याला एका माणसाला फक्त घरी जायचं होतं. त्यांचं नाव वामनराव.

वामनराव मूळचे वाईचे. रेल्वेच्या कामावर ओव्हरसियर होऊ पाहणाऱ्या बाप्यांना गणित शिकवायला ते तीन वर्षांपूर्वी इथे आले. शून्यलब्धी, म्हणजे बदलाचा वेग काढायचं गणित, हा त्यांचा लाडका विषय. "भराव किती खचला ते विचारू नका, कोणत्या वेगानं खचतोय ते विचारा," हे वाक्य सांगून सांगून त्यांची जीभ शिणली होती. विहिरीचं पाणी खारं, उन्हानं डोकं उठलेलं, आणि वर्गातले निम्मे लोक मान हलवायचे ते समजून नव्हे, पेंगून.

त्यात चैत्रात गोदाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पत्र आलं. भाच्याकडून लिहून घेतलेलं. डोळ्यांवर पडदा चढत चाललाय, तोंड ओळखू येतंय तोवर एकदा या, एवढंच त्यात होतं. वामनरावांनी रजा मागितली. साहेब म्हणाला, मुर्तिजापूरच्या अलीकडे नाल्यावर भराव घातलाय तो पक्का बसला, आता खचणार नाही, असं लिहून द्या. पावसाआधी रूळ टाकतो, मग खुशाल जा.

भरावात खुंटी ठोकून रोज मोजायचं काम सहदेवाकडे होतं. हा कुणब्याचा गडी वर्गातला एकटा जागा विद्यार्थी. पहिल्या आठवड्यात भराव वीतभर खचला, दुसऱ्यात चार बोटं, मग दोन, मग एक, मग अर्धं. सहदेवानं आकड्यांची रेघ कागदावर काढली. ती उतरत उतरत अशी आडवी झाली, की वामनरावांना गहिवरून आलं. वेग शून्याला टेकला होता. शून्य म्हणजे वाई. त्यांनी दौत पुढे ओढली.

सहदेव मात्र उभाच. "काय रे, काय राहिलं?"

"गुर्जी, हे समदे आकडे उन्हाळ्याचे हायेत. काळी माती पानी पेल्यावर काय करते, थे या कागदावर नाई."

"गणित बरोबर आहे ना?"

"गणित बराबर हाये, गुर्जी."

वामनराव चिडले. ज्याला आपणच शिकवलं त्यानंच असं आडवं यावं, आणि तेही आज. कागद घेऊन ते तसेच घरी आले. मनकर्णाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. त्यांचं सैपाकपाणी तीच बघायची. काळ्या मातीचा भराव पावसात टिकेल का, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पयल्या साली तुमी चूल कायची घातली होती, मास्तर? काळीचीच ना? उन्हाळाभर दगडावानी राह्यली. सरावनात छपर गळलं अन् फुगून फुटली, वरनाची गंजी पालथी झाली. इसरले काय? आमच्यात काळी माती वावरात अन् पांढरी माती घरात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी शिकले-सवरले. म्या काय सांगू?"

वामनरावांनी चुलीकडे पाहिलं. ही दुसरी चूल, पांढऱ्या मातीची, मनकर्णाबाईनंच घातलेली. वर्गात बाकीच्यांना शिकवायचं, की थोडक्या दिवसांवरून साऱ्या वर्षाचं बोलू नये, आणि स्वतःच्या घरातला आकडा तेवढा सोडून द्यायचा. त्यांना स्वतःची लाज वाटली. नेमकं आत्ताच बोलावलं म्हणून बायकोचा रागही आला, आणि त्या रागाची पुन्हा लाज वाटली. मग त्यांनी लिहिलं: पावसाळ्याचे आकडे नाहीत, भराव बसला असं म्हणता येत नाही. साहेबानं रूळ थांबवले आणि रजाही.

श्रावणात सलग सहा दिवस पाऊस लागला. सहदेव भिजत आकडे घ्यायचा. आडवी झालेली रेघ वर चढू लागली, आणि सातव्या दिवशी खुंटीच सापडेना. निम्मा भराव नाल्यात बसला होता. वामनरावांचे आभार कोणी मानले नाहीत. मुरूम आणून काम नव्यानं करायचं, म्हणून उलट आणखी एक उन्हाळा आणि आणखी एक पावसाळा त्यांना तिथेच काढावा लागला.

ते वाईला पोचले तेव्हा गोदाबाईंचे डोळे पुरते गेले होते. त्यांनी नवऱ्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवली. दोन्ही ओल्या गालांवर ती जराशी थांबली. वामनरावांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"भराव पडला तेव्हा वर कोणी होतं?"

"कोणी नव्हतं."

"गाडी?"

"रूळच नव्हते."

"मग बरं केलंत," गोदाबाई म्हणाल्या, आणि भिंत चाचपत, चहूकडे हात फिरवून त्यांनी चूल शोधली. "बसा. पाणी तापवते."

वामनराव बसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण ते पुसायची त्यांना आता गरज नव्हती.