झोपलेल्या अळ्यांचं माप

एरंडोलच्या पुढे आतल्या रस्त्यावरच्या एका गावात बेबाबाई एकटी राहायची. गेल्या पौषात नवरा वारला. त्याचं नाव पुना, पण गाव त्याला नाना म्हणायचं. त्याने स्वतः वेचून आणलेला शेवटचा कापूस मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेला होता, आणि त्याला ती कुणाला हात लावू देत नव्हती. व्यापारी दोनदा येऊन परत गेले. पुढे शेजारणीही यायच्या बंद झाल्या. कुणी म्हणे अंगाला खाज सुटते, कुणी म्हणे खोलीतून आवाज येतो.

ऋतिका तिची भाची, सावद्याच्या केळीवाल्या भावाची मुलगी. जळगावच्या एका प्रयोगशाळेत ती गुलाबी बोंडअळीवर संशोधन करत होती. ही अळी हंगाम संपला की सरकीचे दोन दाणे एकमेकांना चिकटवून त्यांच्या पोटात झोपते आणि महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून तशीच पडून राहते. त्या झोपेत तिच्या शरीरात नेमकं काय चालतं, हे ऋतिकाला शोधायचं होतं. झोपलेल्या अळ्या हव्या होत्या, म्हणून फाल्गुनात ती आत्याकडे आली.

भरदुपारी आत्याने कुलूप काढलं. आत कोंदट ऊब होती. ऋतिका उंबऱ्यातच थांबली, कारण आवाज खरोखरच होता, सुपात मूठभर राळ्याचे दाणे हलवावेत तसा, अगदी बारीक. उंदीर असतील, असं तिने मनाशी म्हटलं. कापसात हात घातला तेव्हा जोडसरकी बोटांना लागली. दाणे उकलले तर आत गुलाबी अळी, वेटोळं करून पडलेली. सुईचं टोक लावलं तरी हलेना.

"बठ्ठ्या झोपेल शेतस, बेटा," आत्या मागून म्हणाली. "मरेल नही. तुना नाना बी तठेच शे."

सगळ्या झोपल्यात, मेलेल्या नाहीत, आणि नानाही तिथेच आहे, हे ऐकत ऋतिकाने हात चालू ठेवला. डबी भरली आणि संध्याकाळच्या गाडीने जळगावला परतली.

प्रयोगशाळेत तिने झोपलेल्या अळ्या आणि शेतातल्या जाग्या अळ्या वेगवेगळ्या कुटून त्यांतून आरएनए, म्हणजे चालत्या जनुकांच्या नकला, काढला. कुठलं जनुक किती काम करतंय हे यंत्र सांगतं, पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. त्यासाठी कुठल्याही अवस्थेत सारखंच चालणारं एक जनुक धरतात. त्याला संदर्भ जनुक म्हणतात. सगळ्यांप्रमाणे तिनेही पेशींना आकार देणाऱ्या प्रथिनाचं जनुक, म्हणजे अ‍ॅक्टिन धरलं.

आलेख तिने दोनदा पाहिला. झोपलेल्या अळ्यांमधलं तपासलेलं प्रत्येक जनुक जाग्या अळ्यांपेक्षा कितीतरी जोरात चाललं होतं. बाहेरून दगडासारख्या निपचित असलेल्या त्या जीवांच्या आत नुसता कल्लोळ होता. पुन्हा केलं, तेच आलं. तिचे मार्गदर्शक हितेंद्र सर खूश झाले. लेख लिहायला घे म्हणाले. तिचा मात्र हात चालेना. कापसातला तो बारीक आवाज कानातून जात नव्हता, आणि आलेख जणू त्या आवाजाचंच चित्र होता. आत्या म्हणते ते खरं असावं, असं एक दुपारभर तिला वाटत राहिलं. त्या वाटण्याचीच तिला भीती वाटली.

मग ती मागे गेली, कशाशीही न ताडलेल्या मूळ आकड्यांकडे. आरएनए दोन्हीकडे सारखाच घातला होता, तरी झोपलेल्या अळ्यांत अ‍ॅक्टिनच फार कमी भरत होतं. वजनाचा दगडच झिजलेला असला की तागडीत घालाल ते जड भरणार. अळी झोपली तसं तिचं अ‍ॅक्टिनही निजलं होतं, म्हणून बाकी सगळं जागं दिसत होतं.

तिने सरांना दाखवलं. त्यांनी आकडे पुन्हा तपासले आणि स्वतःच म्हटलं की नवी संदर्भ जनुकं शोधल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. तिने या कामी चालतील अशी काही जनुकं घेतली, झोपलेल्या आणि जाग्या अळ्यांत एकेकाचा चढउतार तपासला. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेतली दोन जनुकं दोन्हीकडे स्थिर निघाली. त्यांच्या जोडीशी ताडलं आणि कल्लोळ शांत झाला. झोपलेल्या अळ्या खरोखर झोपलेल्याच होत्या. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

त्याच कापसातल्या अळ्यांवर प्रयोग एकदा पुन्हा करून बघायचा, म्हणून आखाजी, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची अक्षय्य तृतीया, उलटून काही आठवडे झाल्यावर ती परत गावी गेली. सकाळची वेळ होती. मधल्या खोलीला कुलूप नव्हतं. तिने दार लोटलं.

भिंती दिसत नव्हत्या. करड्या, इवल्या पतंगांनी त्या भरून गेल्या होत्या, आणि एकही उडत नव्हता. खाली कापसाला टेकून आत्या बसली होती. तिच्या पदरावर, केसांत, पापणीशी पतंग होते. ती डोळे उघडे ठेवून हसत होती.

"मी नानानी घागर भरी," ती म्हणाली, "कापूसवर पानी शिपडं. उठनात."

ते का उठले, याचं कारण ऋतिकाला ठाऊक होतं. ऊब आणि ओल एकत्र मिळाली की अळीची झोप मोडते आणि तिचा पतंग होतो. कारण ठाऊक असूनही ती क्षणभर उंबऱ्यातच थांबली. बाहेर गावाची कपाशी उगवत होती. हे पतंग तिथे पोचून अंडी घालतील तर सगळ्या गावाला बोंडअळी लागेल, तेही तिला ठाऊक होतं. ती आत गेली, तिने दार लावलं, खिडकीत गोणपाट कोंबलं, थोडे पतंग नळ्यांत धरले आणि आत्याचा हात धरून सगळं खरं सांगितलं: हा कापूस जाळावा लागेल, सगळा, आजच.

आत्याने कापसावरून हात फिरवला. मग पदरावरचा एक पतंग बोटावर घेतला.

"जाय," तिने जाळायला होकार दिला. "पन राख मी सावडसु."

पतंग मारायला खोलीत औषध फवारून गावकऱ्यांनी कापूस गोण्यांत भरून खळ्यावर नेला. कापूस भडकला नाही. ज्वाळा नाही, आवाज नाही, आतल्या आत तो दिवसरात्र धुमसत राहिला. निवल्यावर आत्याने माणसाची सावडावी तशी राख सावडली, मडक्यात भरली आणि ऋतिकाच्या हाती दिली. जळगावला जाताना ऋतिकाने ती गिरणा नदीत सोडली. आपण हे का करतोय, असं तिने स्वतःला विचारलं नाही.

नळ्यांतले पतंग तिने तपासले, तर निवडलेल्या दोन जनुकांपैकी एक पतंगांत ढळलं होतं. अळीला चाललेलं माप पतंगाला चालेना; प्रत्येक अवस्थेसाठी ते नव्याने पारखायला हवं. लेखात तिने तेवढंच लिहिलं आणि तो छापून आला.

बेबाबाईने मधली खोली सारवून घेतली आणि खाट तिथेच टाकली. शांत झोप लागते, असं ती सांगते. ऋतिका महिन्यातून एकदा जाते, भाकरी खाते, आत्याच्या औषधांचं बघते. आत्या दर वेळी मुक्कामाचा आग्रह करते, आणि दर वेळी ऋतिका उजेड आहे तोवर निघते.