परळच्या डिशमधला मेंदू

लॅबमध्ये पेपर वर्षाला एखादा निघतो, तोही नशिबाने. किस्से मात्र रोज. नायगावला चाळीखाली उतरलो की मित्र विचारतात, "काय रे संदेश, झाला का मेंदू?" मग एक सांगितला की त्याला चिकटून दुसरा येतोच.

आमची लॅब परळला. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटच्या रक्तातून आम्ही मेंदूच्या पेशी तयार करतो. त्यातही ग्लिया, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींची देखभाल करणाऱ्या पेशी. हे मला दोन वर्षं आईला समजावता आलं नाही. ती एकदा लॅबवर आली तेव्हा काचसामान धुणाऱ्या वसंतकाकांनी मिनिटात समजावलं. काका गिरणी संपात नोकरी गेलेले कामगार.

"वहिनी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, नाव साचेवाल्याचं. पण तेलवाला, झाडूवाला आला नाही की साचा बंद. तुमचा पोरगा ह्या झाडूवाल्यांमागे लागलाय. झाडूवाला पिसाळला, की कचऱ्याबरोबर चांगलं सूतपण झाडून नेतो."

आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी पुढच्या सेमिनारात हे जसंच्या तसं वापरलं, वर टाळ्याही घेतल्या.

एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले. अख्खी लॅब फिरले तरी त्यांची नजर कोपरे शोधत होती. शेवटी विचारलंच, "उंदीर कुठे ठेवता?"

काका म्हणाले, "उंदीर बाहेर गल्लीत, साहेब. आत सगळी माणसंच."

आमची ज्युनियर प्राची लॅबमध्ये नवीन होती तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्या झाडूवाल्या पेशी तयार झाल्या की तळ सोडतात आणि वरच्या पाण्यात तरंगतात. गोळा करायचं ते पाणीच. प्राचीने घरच्या सवयीने महिनाभराचं पाणी ब्लीचमध्ये ओतलं आणि तळ जपून ठेवला. मॅडमनी डिश बघितली आणि खुर्चीत बसल्या.

"अगं बाई, तू तांदूळ फेकलेस आणि धुवण शिजायला ठेवलंस."

पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. आठवड्याने डिश काढली तर तळातल्या पेशींच्या गोळ्यांमधून पुन्हा नव्या पेशी सुटून वर आलेल्या. आपोआप. मी हे शंभरदा बघितलंय, तरी अंगावर काटा येतो.

अनंत चतुर्दशीला आम्ही पेशींचं शूटिंग लावून ठेवलं होतं. खालून मिरवणूक गेली आणि फिल्मभर चित्र ढोलाच्या ठेक्यावर उडतंय. फिल्म बाद. पण त्या हादऱ्यातही एक पेशी हात लांब करून कचऱ्याकडे सरकत होती, पोचली आणि गिळून पुढे निघाली. आम्ही सगळे ते बघत बसलो, डबे तसेच राहिले.

आणि हा शेवटचा. काकांच्या बायकोला, शालनमावशींना, हाच आजार. काका रोज त्यांना भरवतात आणि त्या विचारतात, "भाऊ, तुम्ही कोणाकडे आलात?" त्यांचंही रक्त आमच्याकडे आलेलं, फॉर्मवर सही काकांचीच. पण तीन वर्षांत काकांनी कधी काही विचारलं नव्हतं. रिटायर व्हायच्या आठवड्यात मात्र मॅडमसमोर उभे राहिले. "एकदा मला ती दाखवा."

मॅडमनी रजिस्टरमधून नंबर काढला, डिश मायक्रोस्कोपखाली लावली. काका खूप वेळ वाकून बघत होते.

"आजारी आहेत ह्या?"

"अजून नाही, वसंतराव. रक्तापासून ह्या बनवताना पेशीचं वय पुसलं जातं. अगदी कोवळ्या आहेत, पोटातल्या बाळाच्या असतात तशा."

"म्हणजे आमच्या लग्नाच्या आधीची शालन?"

"त्याच्याही खूप आधीची."

काकांनी मान वर केली. "मग बरोबर आहे. तेव्हा कुठे ती मला ओळखत होती?"

काकांनी खिशातून कंगवा काढला, केस नीट केले आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले.