लिंक दाबा, आपोआप येते!

धानाच्या मिलीत जाऊन आलं की कपड्यांना कोंडा चिकटतो. किस्सेही तसेच. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, चिकटून येतात. कोंडा आई अंगणातच झटकायला लावते. किस्से मात्र घरात शिरतात आणि वाढत राहतात. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून त्यातले थोडे लिहूनच सांगतो.

आमचं ऑफिस चंद्रपुरात, एका खोलीचं. प्रफुल्लभाऊ राइस मिलींसाठी प्रोग्राम लिहितात. धान किती आलं, तांदूळ किती निघाला, गाडी कुठे गेली, असं सगळं त्यात असतं. फोनवर ज्योतीताई. आणि मी. दहावीत गणित राहिलं, परत बसलो नाही. प्रफुल्लभाऊंनी कामावर घेतलं. प्रोग्राम बदलला की सीडी घेऊन मोटारसायकलने एकेका मिलीत जायचं, हे माझं काम.

एक दिवस भाऊ खुशीत आले. "आता सीडी बंद! सगळं जावा वेब स्टार्टवर टाकलं. मिलवाल्यानं लिंक दाबली की प्रोग्राम नेटवरून आपोआप उतरते. मी इथी बदल केला की त्याच्याकडे आपोआप बदलते. कोणाले जायची गरजच नाई!"

ज्योतीताईने माझ्याकडे पाहिलं. मग भाऊंनीही पाहिलं, आणि बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

"पहिल्यांदा मशीनवर जावा टाकून द्यावा लागते," ते म्हणाले. "तेवढं तू फिरून करून ये. सगळीकडे लिंक चालू झाली की... मंग तुझं पाहू."

म्हणजे माझी गरज संपवायचं काम माझ्याकडेच आलं!

* * *

सुरुवात सिंदेवाहीपासून. तिथले दिवाणजी देवरावभाऊ, फार सावध माणूस. मी जावा टाकला, त्यांनी लिंक दाबली, आणि स्क्रीनवर इशारा आला. हा प्रोग्राम बनवणारा अनोळखी आहे, तरी चालवायचा का?

"अनोळखी?" देवरावभाऊ खुर्चीतून उठलेच. "प्रफुल्लच्या लग्नात मी पंगत वाढली हाय!"

मी हळूच म्हणालो, "भाऊ, कम्प्युटरला माहीत नसते ना. तुम्ही रन दाबा."

"मी काऊन दाबू? आधी त्याले ओळख पटू दे!"

शेवटी प्रफुल्लभाऊंना फोन लावून दिला. दोघं बराच वेळ लग्नातल्या वांग्याच्या भाजीबद्दलच बोलले. मग देवरावभाऊंनी स्क्रीनकडे बोट रोखलं.

"ऐकलं ना? घरचाच पोट्टा हाय!"

आणि रन दाबलं.

* * *

आरमोरीच्या मिलीत लिंक काही केल्या चालेना. सर्टिफिकेटची मुदत तारखेशी जुळत नाही, अशी तक्रार येत होती. पाहतो तर कम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागची!

दिवाणजी म्हणाले, "तारीख आम्ही भिंतीवर पाह्यतो. कम्प्युटरले कोण विचारते?"

तारीख नीट केली, लिंक चालली, मी परत आलो. दुसऱ्या दिवशी फोन. परत बंद! झालं असं की मिल बंद करताना ते मेन स्विचच पाडायचे, आणि मशीनच्या आतली बॅटरी मेलेली. लाईट गेली की कम्प्युटर जुन्या काळात.

मी समजावलं, तर ते हसले. "म्हातारं झालं की मागचंच आठवते. माह्या बापाचंही तसंच होऊन राह्यलं."

नवी बॅटरी येईपर्यंत रोज सकाळी हाताने तारीख टाका, असं सांगून निघालो. आठवड्याने विचारलं, तर म्हणाले, "टाकतो ना. आधी बापाले वार सांगतो, मंग याले."

* * *

चामोर्शीकडच्या एका मिलीत रेंजच नव्हती. तिथल्या हमालांनी नेटचं डोंगल लांब वायरीने बांबूच्या टोकाला बांधलं आणि बांबू खिडकीतून बाहेर काढला. एक जण बांबू फिरवायचा, मी आतून ओरडायचो, "थोडा डावीकडे! बस, बस!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही त्या दिवशीच कळलं.

डाऊनलोड मुंगीसारखं चाललं. पोती टाकून सगळे हमाल स्क्रीनपुढे. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं तसे सगळे आकडे मोजू लागले. नव्व्याण्णव झाले. आणि लाईट गेली!

बांबू धरलेला हमाल बाहेरूनच म्हणाला, "आम्ही पोतं ट्रकच्या फळीवर चढवल्यावर खाली टाकतो काय?"

लाईट आली, परत पहिल्यापासून. या वेळी शंभर झाले तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग आठवलं, माझी आणखी एक मिल कमी झाली.

* * *

मूल गावच्या मिलीत कम्प्युटर शोभाबाई पाहतात. एकदा प्रफुल्लभाऊंनी ऑफिसात बसल्या बसल्या एक बटन डावीकडून उजवीकडे नेलं. लगेच लिंक चालू झालेल्या सगळ्या मिलींत ते आपोआप उजवीकडे गेलं. भाऊ भलतेच खूश!

तेवढ्यात शोभाबाईंचा फोन. "प्रफुल्लभाऊ, माह्या रांधणीत येऊन कोणी डबे हलवले तं मी ऐकून घेईन काय? तो पोट्टा सीडी घेऊन येत होता तं आधी विचारत होता, 'बाई, बदलू का?'"

भाऊंनी गुपचूप बटन परत डावीकडे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आरमोरीचा फोन. "काल तं बटन बरं होतं. आज कुठी गेलं?"

* * *

शेवटची मिल सिरोंच्याची. चंद्रपूरहून दिवसभराचा रस्ता. तिथले दिवाणजी राजन्नाभाऊ अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलतात, आणि मला तम्मी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. लिंक पहिल्याच झटक्यात चालली.

"मंग तम्मी, आता कधी येशील?"

"आता मी नाही येणार भाऊ. प्रोग्राम आपोआप येईल."

"अस्सं? मंग प्रोग्रामले जेवायले वाढू काय मी?"

मी परत आल्यावर प्रफुल्लभाऊ म्हणाले, "या महिन्यापर्यंत ये. पुढं मले नाई वाटत जमेल." त्यांनाही ते बोलायला जड गेलं. मी मान हलवली. घरी सांगितलं नाही, बाहेर कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. ज्योतीताईचा मात्र दिवस मिलवाल्यांशी फोनवर बोलण्यातच जातो.

सोमवारी सकाळी भाऊंनी नवा बदल चढवला. प्रोग्राम उघडला की देवळातल्यासारखी घंटा वाजेल. आवाज आला म्हणजे नवीन प्रोग्राम पोचला, मिलवाल्यालाही कळेल.

थोड्या वेळाने सिंदेवाहीचा फोन. देवरावभाऊ म्हणाले, "लिंक बंद पडली. पोट्ट्याले पाठव."

मग मूलचा फोन. शोभाबाई म्हणाल्या, "आमचीही बंद."

भाऊ घाबरले. सर्व्हर पाहिला, वायर पाहिली. तेवढ्यात राजन्नाभाऊंचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला.

"प्रफुल्लभाऊ, तुमची लिंक काहीच चालून नाई राह्यली! सकाळपासून बंद."

मागून आवाज आला. टण्ण!

ज्योतीताई एकदम खिडकीबाहेर पाहू लागली.

"पूर्णच बंद हाय?" भाऊंनी विचारलं.

"पूर्ण!"

टण्ण!

प्रफुल्लभाऊंनी चष्मा काढला, फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो राजन्नाभाऊ, लयच बिघडलेली दिसते. उद्या पाठवतो त्याले."

"उद्या नको," राजन्नाभाऊ म्हणाले. "परवा पाठवा. परवा गोदावरीची ताजी मासोळी भेटते."