विहिरीतलं कासव आणि उजवी चप्पल

बाबांच्या हातांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती. लहानपणी मला याचं फार नवल वाटे, कारण कोरपन्याच्या आमच्या घरामागच्या विहिरीत एक कासव होतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची आमच्याकडे पद्धत आहे. हे मऊ पाठीचं, परातीएवढं, आणि तापट. बादली खाली गेली की तिच्या काठाला चावायचं. दर उन्हाळ्यात विहीर उपसताना बाबा त्याला बाहेर काढत आणि तेवढा वेळ मला शेजारी पाठवत. त्याला ते उचलतात कसे, हे मी कधीच पाहिलं नाही.

ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी, उन्हाळा लागता लागता बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, घर विकलं गेलं. आई माझ्याकडे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला येणार होती. नवे मालक विहिरीवर स्लॅब टाकणार होते. आईने बाकी कशाचाच हट्ट धरला नाही. एवढंच म्हणाली, "त्याले आधी नदीत नेऊन सोडू. अंधारात नाई ठेवाचं."

विहिरी उपसणारे एक भाऊ आले. पाणी कमरेइतकंच होतं. त्यांनी टोपलीत घालून कासव वर आणलं. मी ज्या शाळेत शिकवत होते, तिथल्या ग्रंथालयातलं प्राण्यांचं पुस्तक वाचून आले होते. पाठीला दोन्ही बाजूंनी मधोमध धरावं, असं त्यात होतं. मी वाकले, आणि भाऊंनी माझं मनगट झटक्यात मागे ओढलं. कासवाची मान बाहेर आली, येतच राहिली, वळली, आणि जिथे माझा हात होता तिथे जबडा मिटला.

"हे कुठी शिकल्या, बाई?"

"पुस्तकात."

"पुस्तकातलं आखूड मानेचं असंन."

प्रवासासाठी मी बादली काठोकाठ भरून ठेवली होती. तीही त्यांनी ओतून दिली. "गाडीत पाणी हिंदकळते, ते आपटून आपटून मरंन. ओला बारदाना आणा. तोंड सैल बांधा, हवा लागते त्याले."

पण पोत्यात घालायचं कसं? तेवढ्यात आई घरातून बाबांची उजवी चप्पल घेऊन आली. टाच धरून तिने चप्पल कासवापुढे नेली. त्याने कडाडून चावा घेतला आणि सोडेना.

"आता मांगून उचला," आई म्हणाली.

भाऊंनी मागच्या पायांजवळ दोन्ही हातांनी धरून ते चपलेसकट पोत्यात उतरवलं. "जबडा कामात असला का हाताकडे नाई पाहत ते," मला दाखवत म्हणाले.

त्या चपलेच्या तळाला जुन्या अर्धगोल खुणा होत्या. मी त्या कित्येकदा पाहिल्या होत्या आणि कुत्र्याच्या समजले होते.

"तुला माहीत होतं?" मी आईला विचारलं.

"चप्पल मीच धरत होती. एकट्याचं काम नाई ते."

बसमध्ये मी पोतं पायाशी सावलीत ठेवलं आणि मधूनमधून तांब्यातलं पाणी शिंपडत राहिले. कंडक्टरने विचारलं, "का आहे यात?"

"कासव."

"चावते?"

"चावते," आई म्हणाली.

"चावत नाई तोवर सामान. चावलं का पुरं तिकीट फाडीन."

वर्धा नदीच्या पुलाआधी उतरून आम्ही काठावर गेलो. यावेळी मागून मी धरलं. पाठीची कड ओली, कातडी पट्ट्यासारखी लागली. घोटाभर पाण्यात ठेवलं, तरी चप्पल तोंडातच. मी चप्पल हळूच ओढली, तर त्याने मान चपलेसकट आत घेतली. चप्पल नदीत गेली तर आईला काय सांगू, असं मनात आलं; आई तर शेजारीच उभी होती.

"ओढू नोको," ती म्हणाली. "ओढलं का घट्ट धरते. मांगं ये."

आम्ही मागे येऊन दगडावर बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. कासव माझ्याकडे बघत होतं की नुसतं पाण्याकडे, मला कळेना. मग कधी तरी चप्पल एकटीच तरंगताना दिसली.

मी ती काढून आणली. जुन्या खुणांत एक ताजी, फिकट खूण होती. आईने पदराने चप्पल पुसली.

क्वार्टरमध्ये मी ती वाळायला अंगणात ठेवू लागले, तशी तिने ती माझ्या हातून घेतली.

"उन्हात नोको. चामडं तडकते." आणि दारामागे, डावीच्या शेजारी, सावलीत ठेवली.