मादाम नसीराचे लांब शब्द

अल्जीरियातल्या मोस्तागानेम शहरात एका प्राथमिक शाळेत नसीराने उभी हयात फ्रेंच शिकवलं. मग सरकारने इंग्रजी आणलं, फ्रेंचचे तास कापले. फ्रेंचच्या एका शिक्षिकेची बदली डोंगरातल्या शाळेवर करायचं ठरलं. चौथीचा इंग्रजीचा वर्ग मिळाला तरच नसीरा इथे राहणार होती.

तोच वर्ग हूरियाला हवा होता. पंचविशीची पोर, करारावर लागलेली. तिसरीला इंग्रजी तिनेच शिकवलं होतं.

“मावशी, या वयात नवी भाषा?” ती शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत म्हणाली. “पडायला आलेल्या दातांनी चणे?”

“मला मादाम म्हणतात. आणि माझे दात तू अजून पाहिले नाहीस.”

नसीराने इंग्रजी शब्दांचं जाडजूड पुस्तक आणलं. अवघड शब्दांची पानं उघडली आणि तिला हसू फुटलं. निम्मे शब्द तिच्याच घरचे. फ्रेंचमधून गेलेले, उच्चार तेवढा बदललेला. मॅग्नॅनिमस. पर्स्पिकेशस. लोक वर्षानुवर्षं घोकतात ते शब्द ती कॉफी निवेपर्यंत पाठ करी. सोप्या शब्दांची पानं तिने उघडलीच नाहीत. पोरासोरांचे शब्द. त्यात काय शिकायचं?

रोज एक शब्द ती हूरियाला फेकून मारी.

“तू इम्पर्टिनंट आहेस.”

हूरिया फोनवर अर्थ बघे. उद्धट! तिचा चेहरा लाल होई. बाकीचे हसत.

वर्ग कुणाला द्यायचा ते ठरवायला इन्स्पेक्टरसाहेब आले. दोघींनी एकेक पाठ घ्यायचा होता. विषय त्यांनी जागेवरच दिला: शरीर.

आधी नसीरा. चेहऱ्याला ती ‘व्हिसेज’ म्हणाली, पोटाला ‘ॲब्डोमेन’. मुलं एकमेकांकडे बघू लागली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. तिला ते कौतुक वाटलं.

पहिल्या बाकावरच्या सेल्माने खरचटलेला गुडघा वर केला. “मादाम, हे?”

गुडघे टेकून नमन करण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते नसीराला ठाऊक होतं. जेन्युफ्लेक्शन. नुसत्या गुडघ्याला काय म्हणतात?

“पाय खाली घे!” ती खेकसली.

मागे हूरिया हाताची घडी घालून बसली होती. ती हलली नाही. कुणीतरी ‘नी’ म्हणालं. मग सगळा वर्गच ओरडायला लागला. नी! नी! हूरियानेच शिकवलेलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

नसीराच्या बदलीचा हुकूम आला त्या दिवशी हूरियाने तिला जिन्यात गाठलं.

“मावशी, मला विचारायचं होतंत. सांगितलं असतं मी.”

“तुला? गुडघा मोडला असता तरी विचारलं नसतं.”

हूरिया वाटेतून सरकली नाही. नसीराने तिला खांद्याने ढकललं आणि ती खाली उतरली.